संध्याकाळी भोरड्यांचा थवा मोबाईलवर नीट का येत नाही? आणि आणायचा असेल तर काय करायचं?

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत मी सोलापुरात एका संध्याकाळी मोबाईल वर धरून अर्धा तास उभा होतो. डोक्यावर भोरड्यांचा थवा फिरत होता. आधी धुरासारखा पसरायचा, मग एकदम आवळायचा, दोरीसारखा पिळायचा आणि परत उलगडायचा. घरी येऊन व्हिडिओ पाहिला तर काय, करड्या आभाळावर काळपट रवा सांडल्यासारखं दिसत होतं. फोटोंची तर त्याहून वाईट अवस्था. नाइट मोडमध्ये काढलेल्या एका फोटोत एकसुद्धा पक्षी नव्हता! स्वच्छ निळसर आभाळ, खाली बाभळी, बस.

माझा फोन काही फार महाग नाही, पण अगदी टाकाऊही नाही. मग चुकलं कुठं? ते शोधता शोधता मला कॅमेऱ्याबद्दल बरंच समजलं, थव्याबद्दलही समजलं, आणि मोबाईलमुळे माझ्याकडून एक मोठी चूकही झाली. तिन्ही गोष्टी सांगतो. जागेचं नाव मात्र मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच.

आधी ओळख: हे पक्षी कोण?

भोरडी म्हणजेच पळस मैना किंवा गुलाबी मैना. शास्त्रीय नाव पास्टर रोझियस. आकाराने आपल्या साळुंकीएवढी, साधारण २२ सेंटिमीटर. मोठ्या पक्ष्याचं अंग फिकट गुलाबी, डोकं, पंख आणि शेपूट काळी. पहिल्याच वर्षीची पिल्लं मात्र मातकट रंगाची आणि पिवळसर चोचीची असतात, त्यामुळे बऱ्याच जणांना तो वेगळाच पक्षी वाटतो.

कझाकस्तान आणि आसपासच्या मध्य आशियाई गवताळ प्रदेशात यांची वीण होते. तिथे टोळ आणि नाकतोडे खाऊन पिल्लं वाढवतात. ते काम आटोपलं की लगेच निघतात. हिवाळी पाहुण्यांमध्ये लवकर येणाऱ्यांपैकी या एक. पावसाळा संपायच्या आतच पहिले थवे आपल्याकडे दिसतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. दिवसा शेतात किडे आणि ज्वारी, वसंतात पळस, पांगारा, काटेसावरीच्या फुलांतला मध. सोलापूर-मंगळवेढ्याकडच्या जोंधळ्याच्या शेतकऱ्यांना या चांगल्याच माहीत असतात, आणि दरवेळी कौतुकानेच माहीत असतात असं नाही!

संध्याकाळी मात्र दहा दिशांना पांगलेले थवे एकाच ठिकाणी झोपायला येतात. अशा जागेला रातथारा म्हणतात. शहरातली दाट झाडी त्यांना चालते. दिव्यांचा उजेड, गाड्यांचा आवाज यांचं त्यांना फारसं वावडं नसतं.

एकत्र का झोपतात?

पहिलं कारण सुरक्षितता. एकटा पक्षी झोपला आणि शिक्रा आला तर धोका शंभर टक्के त्याचाच. हजारांत झोपला तर तोच धोका हजारांत वाटला जातो. शिवाय एवढ्या डोळ्यांपैकी कोणीतरी धोका आधी पाहतंच.

दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. १९७३ मध्ये पीटर वॉर्ड आणि अमोत्झ झहावी या दोन पक्षीअभ्यासकांनी एक कल्पना मांडली. रातथारा म्हणजे माहितीची देवघेव करण्याची जागा. ज्याला आज पोटभर मिळालं तो सकाळी थेट त्या दिशेने उडतो, आणि उपाशी राहिलेला त्याच्या मागे जातो. सगळ्याच पक्ष्यांना ही कल्पना लागू पडते का, यावर अभ्यासकांमध्ये अजून वाद आहे. पण सकाळी रातथाऱ्यावरून निघणारे थवे पाहिले की ती पटायला लागते.

फोटो का फसतो? साधं गणित

आता माझ्या फसलेल्या व्हिडिओकडे येऊ.

कॅमेरा फोटो काढतो म्हणजे ठरावीक वेळ सेन्सरवर प्रकाश पडू देतो. ही वेळ म्हणजे शटर स्पीड. दुपारी प्रकाश भरपूर, त्यामुळे फोन १/२००० सेकंदातसुद्धा काम उरकतो. सूर्यास्तानंतर प्रकाश कमी, म्हणून फोन आपोआप शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. १/३० सेकंद वगैरे.

भोरडी सेकंदाला साधारण १० मीटर उडते असं धरू. मग एका फोटोच्या वेळात ती किती सरकेल?

• १/३० सेकंदात: सुमारे ३३ सेंटिमीटर
• १/१२० सेकंदात: सुमारे ८ सेंटिमीटर
• १/५०० सेकंदात: २ सेंटिमीटर

पक्षी २२ सेंटिमीटरचा आणि सरकला ३३ सेंटिमीटर. म्हणजे फोटोत पक्षी येतच नाही, त्याने ओढलेली रेघ येते. तीही फिकट, कारण पक्ष्याने प्रत्येक ठिकाणचं आभाळ फक्त क्षणभरच झाकलेलं असतं. माझ्या व्हिडिओतला रवा तो हाच.

नाइट मोडमध्ये पक्षी गायब का झाले?

नाइट मोड एक फोटो काढत नाही. एकामागोमाग अनेक फोटो काढतो, ते एकावर एक बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. सेन्सरमुळे येणारे दाणे प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतात, त्यामुळे सरासरीत ते पुसले जातात. झाड, इमारत, आभाळ जागच्या जागी असतं, ते टिकतं.

पण पक्षीसुद्धा प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतो ना! मग सॉफ्टवेअर त्यालाही दाण्यांच्या हिशोबात धरतं आणि साफ करून टाकतं. फोनच्या दृष्टीने दोन हजार पाहुणे म्हणजे चित्रातली घाण. म्हणून थव्यासाठी नाइट मोड बंद. हा पहिला नियम.

मग सेटिंग काय ठेवायचं?

१. वेळ गाठा. सूर्यास्ताच्या निदान ४० मिनिटं आधी पोचा. आपल्याकडे संधिप्रकाश फार टिकत नाही. सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांत उजेड इतका कमी होतो की मोबाईलने काढलेलं काहीच धड येत नाही. सोलापुरात जानेवारीच्या मध्यात सूर्यास्त साधारण सव्वासहाला होतो, म्हणजे साडेपाचला जागेवर हजर.

२. प्रो मोड असेल तर शटर १/५०० ठेवा, आयएसओ ऑटोवर सोडा, फोकस मॅन्युअल करून डोंगराच्या चिन्हावर न्या. ऑटोफोकसला उडता थवा पकडता येत नाही, तो पुढे-मागे चाचपडत बसतो.

३. प्रो मोड नसेल तर स्लो मोशन वापरा. ही युक्ती मला फार उशिरा सुचली. २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये एका सेकंदात २४० चित्रं घ्यायची असतात, म्हणजे कोणत्याही चित्राला १/२४० सेकंदापेक्षा जास्त वेळ मिळूच शकत नाही. शटर आपोआप जलद होतं. पक्षी फक्त ४ सेंटिमीटर सरकतो. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर हाताने ठरवता येत नाही, तिथेही ही युक्ती चालते. मात्र काही फोन खऱ्या फ्रेम कमी घेतात आणि मधल्या सॉफ्टवेअरने बनवतात. त्यात पंखांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. तसं दिसलं तर १२० वर या.

४. उजेड कमी करा, वाढवू नका. स्क्रीनवर आभाळाला बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो. मग सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. पक्षी काळेच दिसणार आहेत. आभाळ जितकं गडद आणि रंगीत, तितका थवा उठून दिसतो.

५. डिजिटल झूम नको. तो फक्त चित्र कापून मोठं करतो. आख्खा थवा आणि खालची झाडं एका चौकटीत घेतली तर थव्याचा आकार नीट कळतो.

६. फ्लॅश कधीच नाही. फोनच्या फ्लॅशचा उजेड चार-पाच मीटरच्या पुढे फारसा जात नाही. थव्यापर्यंत पोचणार नाही आणि झाडावर बसलेल्यांना उगाच बिचकवेल.

एवढे पक्षी एकमेकांवर आदळत का नाहीत?

व्हिडिओ हळू करून पाहिला की हा प्रश्न पडतोच. थव्याला पुढारी असतो का? कोण सांगतं आता डावीकडे वळा म्हणून?

१९८७ मध्ये क्रेग रेनॉल्ड्स या संगणकतज्ज्ञाने ‘बॉइड्स’ नावाचा प्रोग्रॅम जगापुढे मांडला. त्यात प्रत्येक कृत्रिम पक्ष्याला तीनच नियम दिले होते: शेजाऱ्याच्या फार जवळ जाऊ नको, शेजारी ज्या दिशेने चाललेत तिकडे चल, आणि घोळक्यापासून लांब राहू नको. पुढारी कोणी नाही, नकाशा नाही. तरी पडद्यावर खराखुरा वाटणारा थवा तयार झाला. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’मधली वटवाघळांची झुंड याच पद्धतीने बनवली होती. आज गेममध्ये मासे, पक्षी किंवा शत्रूंची टोळी एकत्र हलताना दिसते, त्यामागे बऱ्याचदा हीच कल्पना असते.

पण खरे पक्षी कोणाला ‘शेजारी’ मानतात? याचं उत्तर रोममध्ये सापडलं. तिथे हिवाळ्यात उत्तर आणि पूर्व युरोपातून कॉमन स्टारलिंग येतात. या भोरडीच्या नात्यातल्याच. तेर्मिनी रेल्वे स्टेशनच्या आसपासच्या झाडांवर त्यांचा मोठा रातथारा असतो. खालचे रस्ते विष्ठेने निसरडे होतात, लोक पाऊस नसताना छत्र्या उघडून चालतात. काही शास्त्रज्ञांनी मात्र स्टेशनजवळच्या एका संग्रहालयाच्या गच्चीवर कॅमेरे लावले.

तुमच्या फोनला पोर्ट्रेट मोडमध्ये मागचं धूसर करता येतं, कारण दोन लेन्स एकच वस्तू किंचित वेगळ्या कोनातून पाहू शकतात. त्या फरकावरून अंतर कळतं. पण फोनच्या दोन लेन्समध्ये एखाद-दोन सेंटिमीटरचंच अंतर, त्यामुळे शंभर मीटरवरचा पक्षी पुढे आहे की मागे, हे फोनला कळणं अशक्य. रोममध्ये दोन कॅमेरे २५ मीटर अंतरावर ठेवले होते, जोडीला तिसरा. त्यातून थव्यातल्या प्रत्येक पक्ष्याची जागा त्रिमितीत काढता आली.

२००८ मध्ये निकाल आला. प्रत्येक पक्षी साधारण सहा-सात शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवतो, मग ते जवळ असोत की लांब. म्हणजे ‘दोन मीटरच्या आतले सगळे’ असा नियम नाही, ‘सर्वांत जवळचे सहा-सात’ असा आहे. फरक छोटा वाटतो, पण महत्त्वाचा आहे. ससाणा घुसला की थवा फाकतो, अंतरं वाढतात. अंतरावर नियम असता तर नाती तुटली असती आणि पक्षी एकटे पडले असते. संख्येवर असल्यामुळे थवा ताणला तरी जोडलेला राहतो.

गड्डा यात्रेच्या गर्दीत तुम्ही कधी सापडला असाल तर हे लगेच कळेल. पुढे काय चाललंय ते दिसत नाही. आजूबाजूचे पाच-सहा जण जिकडे सरकतात तिकडे आपण सरकतो, आणि तरी आख्खी गर्दी वळते.

या संशोधनात असलेले ज्योर्जो पारिसी यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. ते फक्त पक्ष्यांसाठी नव्हतं, गुंतागुंतीच्या व्यवस्थांवरच्या एकूण कामासाठी होतं. पण भोरड्यांचा थवा ही तशीच एक व्यवस्था आहे.

आता माझी चूक

सेटिंग जमल्यावर मला एक झकास व्हिडिओ मिळाला. चाळीस सेकंदांचा, मागे केशरी आभाळ. मी त्याची रील केली, गाणं टाकलं आणि वर लोकेशन टॅग केलं. रात्रभरात ती तुफान चालली. मी खूश!

दुसऱ्या संध्याकाळी तिथे शंभरेक माणसं. गाड्या, हॉर्न, पक्षी उडावेत म्हणून टाळ्या. तिसऱ्या दिवशी एकाने ड्रोन आणला. ड्रोन वरून खाली आला आणि बसायला लागलेला थवा आख्खा उठला. पक्ष्यांच्या लेखी वरून झेपावणारी वस्तू म्हणजे ससाणाच. अंधार पडेपर्यंत ते बसले नाहीत. दिवसभर चरून साठवलेली शक्ती रात्रभर थंडी काढायला लागते, ती आम्ही अर्ध्या तासात उडवून लावली.

तिथले वॉचमन काका मला म्हणाले, “काय बे, तूच टाकलास नव्हं ते? बघ आता कशी गर्दी करायलेत.”

मी रील काढून टाकली, पण तोवर ती चार ठिकाणी फिरली होती. आठवड्याभरात ज्यांची जागा होती त्यांच्याकडे गर्दीची आणि घाणीची तक्रार गेली. छाटणीसाठी माणसं आली ती सकाळी अकराला. काकांनी सांगितलं की इथे पक्षी असतात. ते वर बघून म्हणाले, “कुठायत पक्षी?”

बरोबरच होतं. सकाळी अकराला भोरड्या पंधरा-वीस किलोमीटरवर शेतात होत्या. झाडं रिकामी. मोठ्या फांद्या गेल्या. इथे वर्षानुवर्षं पक्षी येतात हे दाखवायला माझ्याकडे काय होतं? एक डिलीट केलेली रील.

म्हणून नोंद करा. रील नंतर

ईबर्ड हे ॲप मोफत आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेने ईबर्ड २००२ मध्ये सुरू केलं. तारीख, वेळ, जागा, किती मिनिटं थांबलात आणि कोणता पक्षी किती, एवढंच भरायचं. एकाची नोंद म्हणजे किस्सा. पण दहा जणांच्या पाच वर्षांच्या नोंदी म्हणजे पुरावा, आणि तो सकाळी अकरालाही दाखवता येतो.

ओळखीची खात्री नसेल तर त्याच प्रयोगशाळेचं मर्लिन ॲप वापरा. ते आवाजाचं चित्रात रूपांतर करतं, आडवी वेळ आणि उभी पट्टी, आणि त्या चित्रावरून पक्षी ओळखतं. एकदा भारताचा पॅक उतरवून घेतला की नेटशिवाय चालतं. पण रातथाऱ्यावर हजारो आवाज एकमेकांत मिसळतात, तिथे ते गोंधळू शकतं. त्यापेक्षा आधी तारांवर येऊन बसणाऱ्या छोट्या घोळक्याचा फोटो काढून ओळख पटवा.

मोजायचे कसे? त्या थव्याचा माझा अंदाज होता दहा हजार. मित्र म्हणाला पाचशे. मग व्हिडिओ एका फ्रेमवर थांबवला, स्क्रीनशॉट घेतला आणि त्यावर चौकोन आखले. एका मध्यम दाट चौकोनात ४० पक्षी, असे ६० चौकोन. म्हणजे साधारण २,४००. दोघंही सपशेल चुकलो होतो. पक्षी एकामागोमाग ओळीने येत असतील तर दोन खांबांमधली जागा ठरवा, एका मिनिटात किती गेले ते मोजा आणि मिनिटांनी गुणा. नोंदीत ‘अंदाजे’ लिहा आणि अंदाज कसा काढला तेही लिहा.

जागा जपायची तर:

• कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग बंद करा. नाहीतर फोटोच्या फाइलमध्येच अक्षांश-रेखांश लिहिले जातात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ती माहिती गळते, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तशीच जाते.
• मागची पाण्याची टाकी, टॉवर, दुकानाची पाटी चौकटीत घेऊ नका. जागा ओळखायला तेवढं पुरतं.
• ईबर्डवरच्या नोंदी सगळ्यांना दिसतात. म्हणून मी यादी त्याच संध्याकाळी भरतो, पण सबमिट करतो एप्रिलमध्ये, पक्षी परत गेल्यावर.
• ड्रोन नको, टाळ्या नकोत, झाडाखाली जाऊन उभं राहणं नको.

गेल्या हिवाळ्यात भोरड्या आल्या, पण उरलेल्या झाडांवर मावतील तेवढ्याच. बाकीच्या कुठे गेल्या, मला सापडलं नाही. मी १९ संध्याकाळी जाऊन मोजणी केली. यंदा पहिली नोंद सप्टेंबरमध्येच झाली. काका आता गेटवरच थांबलेले असतात. मी स्क्रीनशॉटवर चौकोन आखायला लागलो की खुर्ची माझ्याकडे सरकवतात आणि विचारतात, “आज किती?”